गुड्डदव्वाचा कौल

आमच्या गावी रोज उन्हं कलली की खाणीत बार उडतो. आधी भोंगा होतो, मग पायाखालची जमीन हलते, मग आवाज, आणि सगळ्यात शेवटी धुरळा. पहिल्या वर्षी भोंगा झाला की माणसं घराबाहेर येऊन उभी राहायची. म्हशी दावी तोडायच्या. दुरुगव्वा म्हातारी खाणीच्या नावानं बोटं मोडायची. मोडून मोडून तिची बोटं वाकडी झाली, बार काही थांबले नाहीत. आता भोंगा झाला की बायका बोलता बोलता हंड्यावर झाकण टाकतात, न्हावी वस्तरा गालावरून उचलून धरतो, हॉटेलात बसलेला माणूस चहाचा ग्लास टेबलावरून हातात घेतो. बार झाला की झाकण निघतं, वस्तरा टेकतो, आणि बोलणं जिथं थांबलं होतं तिथून पुढं सुरू होतं. तेवढं थांबलं होतं हेही कुणाच्या लक्षात येत नाही. मी वर देवळात असलो तर समई उचलून हातात धरतो. खाली राहिली तर हलते आणि तेल सांडतं, आणि तेल काही मला अव्वा देत नाही.

मी यंकप्पा, गुड्डदव्वाचा पुजारी. गुड्डदव्वा म्हणजे डोंगरावरची आई, आमची अव्वा. देऊळ म्हणण्यासारखं तिथं फारसं नाही. डोंगराच्या माथ्यावर एक उभी शिळा, तिला शेंदूर, वर पत्रा, आणि मागच्या बाजूला दोणी. ही दोणी खडकातच तयार झालेली आहे, कुणी खोदलेली नाही. खाली गावचं तळं भेगाळतं तेव्हाही दोणीत पाणी असतं. कुरुब धनगरांची मेंढरं तिथं पितात. अस्वलंही येतात, सकाळी त्यांचे पंजे दिसतात. निदान आजवर दिसत होते. गेल्या दोन उन्हाळ्यांत मी दोणीचा तळ बघितला. माझ्या बापानं कधी बघितला नव्हता.

डोंगराची उगवतीची बाजू खाणीनं खाल्ली आहे. दगड गुलाबी. त्याच्या मोठमोठ्या शिळा लॉरीवर चढून इलकलच्या रस्त्यानं कुठंतरी जातात, कुणाच्या तरी दिवाणखान्यात बसतात. खराब निघालेल्या दगडाची खडी होते. क्रशरचा पांढरा धुरळा ज्वारीवर बसतो, मग त्या कडब्याला म्हैस तोंड लावत नाही. तळ्याचं पाणी पातळ ताकासारखं दिसतं. विहिरींचे दोर लांबले. माझ्या घराच्या भिंतीला हात जाईल एवढी भेग पडली आहे, त्यात सून कंगवा ठेवते.

हे सगळं पूर्वी मी तावातावानं सांगायचो. धारवाडहून शिकलेली पोरं विचारायला आली तेव्हा त्यांना उन्हात डोंगरभर फिरवलं होतं. राग यायचा मला, मनापासून यायचा. आता कुणी विचारलं तर तेच शब्द तोंडातून येतात, पण सांगणारा मीच आहे असं वाटत नाही.

आणि दुसरी बाजू सांगितली नाही तर मी लबाड ठरेन. खाण यायच्या आधी सुगी उरकली की हे गाव रिकामं व्हायचं. घरांना कुलपं. पोरं, सुना, तान्ही लेकरं सगळी गोव्याला, मंगळूरला, कुठं रस्त्यावर तर कुठं बंदरावर. मागं म्हातारी माणसं आणि कुत्री. आम्ही एकमेकांच्या ओसरीवर जाऊन बसायचो, कुणाची चूल पेटली नाही हे बघायला. माझी बायको गेली तेव्हा आमचा गाळेप्पा गोव्यात फरशी घासत होता. तो पोचला तेव्हा तिला माती देऊन झाली होती. मग खाण आली आणि पोरं परत आली. गाळेप्पा आला, त्याचं हुलिगेव्वाशी लग्न झालं. रोज संध्याकाळी तो माझ्यासमोर बसून रोट्टी खातो. आता एका पारड्यात तो डोंगर घाला आणि दुसऱ्यात समोर बसून जेवणारा मुलगा घाला. करा वजन. मला जमलेलं नाही.

तर यंदा खाणीतला चांगला दगड संपला. मॅनेजरनं पंचायतीत येऊन सांगितलं, मावळतीचा डोंगर दिला तर काम चालेल, नाहीतर उगादीच्या पाडव्याला कुलूप. मावळतीचा डोंगर म्हणजे माथा, दोणी आणि अव्वा. कंपनी अव्वाला रस्त्याच्या कडेला नवं देऊळ बांधून देणार होती. भिंतींना टाइल्स, नळाचं पाणी, वर पंखा. कुरुबांचा कनकप्पा म्हणाला, "म्हणजे आमची अव्वा न्हाणीघरात बसणार व्हय?" त्यावर खाणीतली पोरं उठली, कुणीतरी कनकप्पाचं मुंडासं उडवलं. पुढच्या सभेत खुर्च्या उडाल्या. अर्धं गाव एका बाजूला, अर्धं दुसऱ्या बाजूला. काही घरांत तर नवरा इकडं आणि बायको तिकडं.

शेवटी शरणगौडा बोलला. तो पंचायतीचा अध्यक्ष, माणूस वाईट नाही, फक्त कुणाशी वाकडं घ्यायचं नसतं त्याला. "आपण कशाला डोकी फोडून घ्यायची? जिचं घर हाय तिलाच विचारू. खाली येती म्हणाली तर न्यायची, न्हाई म्हणाली तर न्हाई. मग कुणाची तक्रार चालायची न्हाई. कबूल?"

सगळे कबूल म्हणाले. इतक्या पटकन म्हणाले की मला तेव्हाच कळायला हवं होतं. ठरवायचं ओझं कुणालाच नको होतं. ते आता अव्वाच्या अंगावर गेलं, आणि अव्वाच्या म्हणजे माझ्या.

कौल लावायची रीत साधी आहे. शिळेला न्हाऊ घालायचं आणि ओल्या दगडावर कण्हेरीच्या दोन कळ्या चिकटवायच्या, एक उजव्या खांद्याला, एक डाव्या. प्रश्न मोठ्यानं विचारायचा आणि बसायचं. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. मध्येच कुणी शिंकलं, कुत्रं आत आलं, पोर रडलं, पाल चुकचुकली, वाऱ्यानं समई विझली, तर तो कौल धरत नाहीत, परत लावतात. पुजाऱ्याला नंतर शंका आली तरी दिवस मावळायच्या आत त्यानं 'कौल फिरला' म्हटलं की फिरला. हे नियम माझ्या आज्याच्या आज्यापासून चालत आलेले. त्यात बाराचा नियम नाही. त्यांच्या वेळी बार नव्हते.

आदल्या दिवशी माझी मुलगी निंगव्वा आली. ती धारवाडला दिलेली. बाळंतपणं, सासूचं आजारपण यात बरीच वर्षं तिचं येणं झालं नव्हतं. अव्वा खाली जाणार असेल तर डोंगरावर एकदा ओटी भरायची म्हणून आली. ती उंबऱ्यात पाय ठेवते आणि बार झाला. हातातली पिशवी टाकून ती मला चिकटली.

"यव्वा ग! काय पडलं?"

हुलिगेव्वा हसून हसून वाकली. "काय न्हाई वन्सं. तुमचा दादाच हाय त्यो. रोज घरी यायच्या आधी अशी हाक मारतो."

खरंच, तो बार गाळेप्पाच उडवतो. सकाळभर ड्रिलनं दगडात भोकं पाडायची, त्यात दारू भरायची, माणसं लांब गेली की बटण दाबायचं. या कामाला पगार बरा. ड्रिलची धूळ पिठासारखी बारीक, ती त्याच्या भुवयांवर असते, कानात असते. घरी आला की आधी आंघोळ करतो आणि मग खोकतो. हुलिगेव्वा म्हणते बिडीचा खोकला आहे. बिडी तर त्यानं सोडली.

त्या संध्याकाळी मी त्याला विचारलं, "उद्या कुठला पडावा असं वाटतं तुला?"

"मला काय वाटायचंय? अव्वा सांगंल ते."

"उजवाच पडणार," हुलिगेव्वा चुलीपासून म्हणाली. "मामा, हात जरा बघून लावा म्हंजे झालं. डावीकडं पाणी जास्त, उजवीकडं कमी. मला काय कळत न्हाई असं न्हाई."

"तूच बस की मग पूजेला."

"मी बसले तर पाच मिंटात पाडीन."

रस्त्यात कनकप्पानंही गाठलं होतं. त्यानं काही सुचवलं नाही, नुसता माझ्या हाताकडं बघत राहिला. त्यापेक्षा त्यानं बोललेलं परवडलं असतं. मी ठरवलं, दोन्ही खांद्यांना सारखं पाणी. एवढंच माझ्या हातात होतं आणि तेवढं मी केलं. यावर कुणी मला बोट दाखवायचं नाही.

कौल शुक्रवारी सकाळी लागायचा होता. सकाळीच सगळा गाव वर चढला. खाणीच्या माणसांना सुट्टी होती. एक गाळेप्पा खाली राहिला, त्याची भोकं पहाटेच भरून झाली होती. मी म्हणालो राहू दे आज. तो म्हणाला, भरलेला बार तसाच सोडून जाता येत नाही, वेळ झाली की उडवून येतो. मी पूजा मांडली. आणि मॅनेजरची जीप येईना.

"त्याच्या डोळ्यांदेखत होऊ द्या," शरणगौडा म्हणाला. "उद्या डावा पडला तर म्हणंल, म्हाताऱ्यानं बनाव केला."

"आन् उजवा पडला तर?" कनकप्पानं विचारलं.

"तर तू म्हणशील. म्हणून तू पण इथं बस."

आम्ही बसलो. ऊन डोक्यावर आलं. बायकांनी चुरमुऱ्यांची मंडक्की काढली, मिरच्या काढल्या. पोरं दोणीत दगड टाकून खोली बघत होती, त्यांना हाकललं. जीप आली तेव्हा उन्हं कलली होती. मॅनेजर घामाघूम होऊन वर आला, बूट काढून गौडाशेजारी मांडी घातली. तरुण होता, लाजरा होता. मला त्याचा राग यायला हवा होता.

मी शिळेला न्हाऊ घातलं. कळ्या लावल्या. मोठ्यानं विचारलं, "अव्वा, लेकरं खाली बोलावतात. येतीस का? येत असशील तर उजवी दे. येत न्हाई म्हणत असशील तर डावी दे."

माणसं गप्प झाली. इतकं गाव आणि एवढी शांतता. कुणी शिंकलं नाही. कुत्री पोरांनी खालीच अडवली होती. निंगव्वा बायकांत बसली होती, तिच्या मांडीवर ओटीचं ताट होतं. मी कळ्यांकडं बघत होतो. माझ्या मनात काही आलं असेल तर ते मला आठवत नाही. पुजाऱ्यानं मनात काही आणायचं नसतं, पण तसं मुद्दाम नव्हतं. खरंच काही येत नव्हतं.

मग उजवी कळी पडली.

एकच आरडाओरडा झाला. हलगी वाजायला लागली. पोरांनी गौडाला उचललं, मॅनेजरलाही उचलायला गेले, तो नको नको म्हणत मागं सरकला. काही बायका रडत होत्या, पण त्या उजवीला रडत होत्या की डावीला हे विचारायची सोय नव्हती. कनकप्पा शिळेच्या पाया पडला, उठला आणि कुणाशी न बोलता मेंढरांकडं निघून गेला. मी रीतीप्रमाणं उभं राहून म्हणालो, "उजवा कौल. अव्वा येते." माझा आवाज चांगला लागला. मला वाटलं होतं रडू येईल, किंवा गाळेप्पाची भाकरी टिकली म्हणून हलकं वाटेल. दोन्ही झालं नाही. पाय बसून बसून मुंग्यांनी भरले होते, तेवढं कळलं.

उतरताना निंगव्वा माझ्या बरोबर होती. माणसं पुढं गेली होती.

"यप्पा, एक विचारू? तू समई का उचललीस?"

"कुठली समई?"

"आता. कौलाच्या मध्येच. उचललीस, हातात धरलीस, मग खाली ठिवलीस. मी ल्हान असताना तुझ्याजवळ बसायची, तवा कधी उचलत न्हवतास."

"मी न्हाई उचलली."

"यप्पा, तू उचललीस. आन् हुलिगेनं माझ्या ताटावर पदर टाकला. आन् त्या गौडानं हातातला पाण्याचा तांब्या वर धरला. सगळ्यांनी एकदम काय काय केलं. मी तर घाबरून डोळेच मिटले. उघडले तर कळी पडलेली."

मी उभा राहिलो. उजव्या हाताच्या बोटांना तेल लागलं होतं. मी बोटं एकमेकांवर घासून बघितली.

"बार झाला ना यप्पा," निंगव्वा म्हणाली. "दादानं बार उडवला. भोंगा न्हाई ऐकलास?"

मी नव्हता ऐकला. देवाशपथ सांगतो, नव्हता ऐकला. समोर डोंगर हलला असणार, माझ्या मांडीखालचा खडक हलला असणार, आणि माझा हात आपणहून समईकडं गेला असणार. जसा रोज जातो. एवढ्या माणसांत एकालाही ते कळलं नाही. धारवाडहून आलेल्या बाईला कळलं, कारण तिला अजून सवय झाली नव्हती.

"परत लाव," ती म्हणाली. "दिवस हाय अजून. वाऱ्यानं समई विझली तर परत लावतात, मग हे वाऱ्यापेक्षा कमी हाय का?"

मी तसाच पंचायतीच्या कट्ट्यावर गेलो. तिथं भज्यांची कढई चढली होती. शरणगौडानं मला जागा करून दिली, हातात भजी ठेवली. मी म्हणालो, "गौडरे, कौलात बार झाला. कळी हादऱ्यानं पडली असंल."

"कुठला बार?"

"आजचा."

"आज बार झाला?" गौडानं शेजारच्याला विचारलं. त्यानं पलीकडच्याला विचारलं. सगळ्यांनी एकमेकांकडं बघितलं. सोंग नव्हतं ते, मी माणसं ओळखतो. त्यांना खरंच माहीत नव्हतं.

"सुट्टी होती की आज," एक जण म्हणाला.

"अज्जा, तू ऐकलास का?" गौडानं विचारलं.

"न्हाई."

"मग कुणी ऐकला?"

"निंगव्वानं."

"धारवाडला दिलेल्या पोरीला ऐकू आला आन् गावाला न्हाई ऐकू आला?" कढईवरचा माणूस झारा थांबवून म्हणाला. "तिकडं कान लई चांगले साफ करत्यात वाटतं." सगळे हसले. मीही हसलो, वाईट म्हणजे मला खरंच हसू आलं.

शरणगौडा हसला नाही. माझ्या कानाजवळ येऊन हळू म्हणाला, "अज्जा, फिरवायचा तर फिरव. तुझा हक्क हाय, मी न्हाई म्हणणार न्हाई. फक्त इथं उभं राहून मोठ्यानं म्हण. आन् यांच्या तोंडाकडं बघून म्हण." मग जरा थांबून म्हणाला, "आन् गाळेप्पाला परत गोव्याला धाडायची तयारी ठेव."

मी त्यांच्या तोंडांकडं बघितलं. सगळी ओळखीची. ज्यांच्या लग्नांत मी अक्षता टाकल्या ती पोरं, त्यांच्या कडेवर त्यांची पोरं. कितीतरी दिवसांनी कट्ट्यावर एवढी माणसं एकमेकांना न खेकसता बसली होती. मी हातातली भजी खाल्ली आणि घरी आलो. सांगायला लाज वाटते, पण वाट चालताना मला बरं वाटलं. अव्वा गेली, दोणी गेली, पण गाळेप्पा राहिला. बार झाला होता हे मला माहीत होतं आणि ते मी गिळून टाकणार होतो. म्हातारपणी माणूस काय काय गिळतो, त्यात हे एक.

निंगव्वा आणि हुलिगेव्वा शेजारच्या घरी वाण द्यायला गेल्या होत्या. गाळेप्पा न्हाणीतून खोकत बाहेर आला. अंगावर टॉवेल, केसांतून पाणी गळत होतं. छातीच्या फासळ्या मला वेगवेगळ्या दिसल्या. त्याला येताना वाटेत सगळ्यांनी सांगितलं होतं, पाठीवर थापा मारल्या होत्या. तो माझ्यापासून जरा लांब, भिंतीला टेकून बसला.

"उजवा पडला म्हणं."

"व्हय."

मी म्हणालो, "झालं तुझ्या मनासारखं."

"मला वाटलं हुतं, अव्वा न्हाई म्हणंल."

"तुला न्हाई पाहिजे हुतं?"

तो खाली बघून जमिनीवर बोट फिरवत राहिला. मग म्हणाला, "यप्पा, शिडी चढताना मला मध्ये थांबावं लागतं. बुटाची लेस बांधतो असं दाखवतो. लेस न्हाई त्या बुटांना, पण कोण बघतंय. हुलिगेला सांगू नको."

"मग सोड की काम! आधी का बोलला न्हाईस?"

"कसं सोडू? काय सांगून सोडू? बाकीचे पण खोकतातच की. मी एकटा उठलो तर म्हणतील, पुजाऱ्याचं पोरगं नाजूक. हुलिगे काय म्हणंल? तू काय म्हणशील? मला घरी ठिवण्यापायी तू डोंगर सोडायला तयार झालास, मला काय दिसत न्हाई?" तो थांबला, दम घेतला. "अव्वानं न्हाई म्हटलं असतं तर सगळ्यांचंच सुटलं असतं. मला कुणाला काही सांगावं लागलं नसतं. मला वाटलं, कुणी न्हाई तरी ती सोडवंल."

मला त्या वेळी काय वाटलं ते सांगतो. काहीही वाटलं नाही. कान भरून आले, दुरून कुणी बोलतंय असं झालं. मग मी त्याला सांगून टाकलं. समई, तेलाची बोटं, निंगव्वा, सगळं.

"तुझाच बार हुता त्यो," मी म्हणालो. "कळी अव्वानं न्हाई टाकली. तूच पाडलीस."

"सकाळीच कौल हुता ना? मला वाटलं, कवाच उरकला असंल." तो माझ्याकडं बघत होता. कितीतरी वर्षांत त्यानं माझ्याकडं असं सरळ बघितलं नव्हतं.

मी उठलो. खांद्यावर घोंगडी टाकली. "चल. दिवस हाय अजून. आधी कट्ट्यावर सांगतो कौल फिरला, मग वर जाऊ. सगळा गाव येऊ दे, मॅनेजरला पण बोलावू दे. तू माझ्या शेजारी बस. बार न्हाई, काही न्हाई. परत विचारू तिला."

तो उठला नाही. त्याला खोकला आला, बराच वेळ आला. थांबल्यावर त्यानं तोंड पुसलं.

"नको यप्पा. परत लावलास आन् परत उजवाच पडला तर? आता निदान बारानं पाडला असं म्हणता येतंय."

दार उघडं होतं. बाहेर उजेड होता, डोंगर चढून जायला पुरेल एवढा. मी घोंगडी काढून ठेवली आणि त्याच्याजवळ बसलो. उजेड जाईपर्यंत आम्ही दोघं तिथून उठलो नाही.